खेळात पूर्ण गुण, पण हातांचं काय?

पत्राचा सारांश: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका अनुदानित मराठी प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. गावाजवळ खाणीच्या खंदकात साचलेल्या पाण्यात एक मूल बुडता बुडता वाचलं आणि पालक-शिक्षक संघात ठरलं, की सगळ्यांना सीपीआर (श्वास थांबलेल्या माणसाची छाती दाबून आणि त्याला तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायची पद्धत) शिकवायचं. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने ताईंना मोबाइलवर एक ऑनलाइन खेळ दाखवला. त्यात पडद्यावर मूल निपचित पडतं, आपण पर्याय निवडत जायचं आणि ठेक्यात बोट आपटून छाती दाबायची. तिसऱ्या खेपेला ताईंना पूर्ण गुण मिळाले. हेडमास्तर म्हणतात, हाच खेळ शाळेच्या स्मार्ट बोर्डवर लावू आणि गुण भरतील त्यांना शाळेचं प्रमाणपत्र देऊ. संघातल्या एका निवृत्त परिचारिकाबाईंचा याला सक्त विरोध आहे: "हा पोरखेळ नव्हे. डॉक्टर आणि डमी, म्हणजे सरावाची बाहुली, मिळेपर्यंत काही करू नका." ताईंना दोन प्रश्न पडले आहेत. खेळात गुण मिळाले तरी वेळ आल्यावर हात चालतील का? आणि एका व्हिडिओत 'तोंडाने श्वास द्यायची गरज नाही' असं सांगतात, खेळात मात्र द्यायला लावतात, तर ऐकायचं कुणाचं?

ताई,

हेडमास्तरांचं आणि परिचारिकाबाईंचं, दोघांचंही म्हणणं निम्मं खरं आहे. म्हणूनच वाद मिटत नाही. सीपीआर 'येतं' म्हणजे एकच गोष्ट येते असं दोघांनीही धरलं आहे. प्रत्यक्षात त्यात दोन कामं आहेत. एक डोक्याचं: मूल निपचित दिसलं की आधी काय, मग काय, फोन कधी, श्वास किती वेळ बघायचा, कशात अजिबात वेळ घालवायचा नाही. दुसरं हाताचं: तळहात नेमका कुठे ठेवायचा, दाब किती खोल, ठेका किती, छाती पुन्हा पुरती वर येते का. चांगला ऑनलाइन खेळ पहिलं काम झकास शिकवतो. दुसरं जवळजवळ शिकवतच नाही, कारण मोबाइलच्या काचेला फासळ्या नसतात. तेव्हा तुमची धाकधूक रास्तच आहे. हातांनी अजून काही केलेलंच नाही, तर त्यांचा भरवसा कसा वाटणार?

म्हणून पहिलं काम कमी मोलाचं मात्र समजू नका. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत त्याला इजा व्हायला लागते, आणि आपल्याकडे नेमकी हीच मिनिटं गोंधळात जातात. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी कांदा हुंगवायला धावतं, कुणी मुलाला खांद्यावर टाकून गाडी शोधत सुटतं. बुडालेल्या मुलाला पाय धरून उलटं टांगायला आणि पोट दाबून पाणी काढायला तर वडीलधारी माणसं हमखास सांगतात. पोट दाबून फुप्फुसातलं पाणी निघत नाही. पोटातलं अन्न मात्र वर येऊन श्वासनलिकेत उतरतं, आणि वेळ गेला तो गेलाच. असल्या समजुती काढायला भाषणापेक्षा खेळ बरा. भाषणाला लोक माना डोलावतात आणि घरी जातात. खेळात घड्याळ पळत असताना स्वतः निवडावं लागतं आणि चुकलं की जागच्या जागी कळतं. ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलने २०१३ साली 'लाइफसेव्हर' नावाचा खेळ काढला तो याच विचाराने: खऱ्या नटांचा छोटा चित्रपट मध्येच थांबतो आणि पुढचं पाऊल खेळणाऱ्याने ठरवायचं.

आता श्वासाचं. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुधा मोठ्या माणसांसाठीचा असणार. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सर्वसामान्यांसाठी 'फक्त छाती दाबा' अशी सोपी पद्धत सांगितली, ती मोठ्यांसाठी. चालता-बोलता माणूस हृदय बंद पडून कोसळतो तेव्हा त्याच्या रक्तात थोडा वेळ पुरेल इतका ऑक्सिजन शिल्लक असतो. छाती दाबून तो मेंदूपर्यंत फिरवत ठेवला तरी पुष्कळ होतं. मुलांचं सहसा याच्या उलट असतं. घास अडकतो, मूल बुडतं, न्यूमोनिया किंवा दम्याने श्वास थकतो. आधी ऑक्सिजन संपतो, हृदय थांबतं ते त्यानंतर. अशा मुलाची नुसती छाती दाबली तर ऑक्सिजन नसलेलंच रक्त फिरत राहतं. म्हणून मुलांना श्वास द्यायचाच, आणि याबाबतीत तुमचा खेळ बरोबर आहे. कुणाला काही केल्या श्वास देववत नसेल, तर त्याने निदान छाती दाबत राहावं. हात बांधून उभं राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

खेळ निवडण्याआधी तो एकदा या नजरेने खेळून बघा. एक वर्षाच्या आतलं बाळ आणि त्याहून मोठं मूल यांच्यासाठी वेगळी पद्धत दाखवली आहे का? नसेल तर तो मोठ्यांचाच खेळ आहे, नुसतं पडद्यावर मूल घातलं आहे. एकट्याने करताना ३० दाबांमागे २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० दाब आणि छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोली, म्हणजे बाळाला साधारण ४ सेंमी आणि मुलाला ५ सेंमी, हे आकडे त्यात हवेत. युरोपातला खेळ असेल तर तो सुरुवातीलाच ५ श्वास द्यायला लावेल. ती तिकडची रीत आहे, चूक नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक प्रशिक्षणांत ३० दाबांनी सुरुवात करतात. एकाच बैठकीत दोन्ही सांगू नका, लोक गोंधळले की थांबतात. अपवाद सांगायचाच तर बुडण्याचा सांगा: पाण्यातून काढलेल्या मुलाला आधी २ श्वास, मग ३० दाब.

खेळ कधीचा आहे तेही बघा. जुन्या खेळांत बाळाची छाती दोन बोटांनी दाबताना दाखवतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५च्या मार्गदर्शक सूचनांत ती पद्धत काढून टाकली, कारण दोन बोटांनी पुरेशी खोली गाठता येत नाही. आता दोन्ही हातांनी बाळाच्या छातीला वेढा घालून दोन अंगठ्यांनी दाबायचं, किंवा एका हाताच्या तळव्याने. आणि फोन नंबर! परदेशी खेळात ९९९ किंवा ९११ येतो. चार वेळा बघितला की तोच डोक्यात बसतो. खेळवताना तो पडदा आला की सगळ्यांनी मोठ्याने '१०८' म्हणायचं, ११२ही चालेल. बावळटपणा वाटेल, पण करा.

पूर्ण गुणांबद्दलही थोडं बोलायला हवं. तिसऱ्या खेळीत गुण भरले याचा अर्थ एवढाच, की कुठलं बटण कधी दाबायचं ते तुम्हाला पाठ झालं. कामाची असते ती पहिली खेळी, त्यातल्या चुकांसकट. पहिल्यांदा कुठे अडलात? श्वास बघायला फार वेळ घेतलात? फोन विसरलात? मूल आचके देत होतं तो श्वासच समजलात? खऱ्या प्रसंगात माणूस नेमका तिथेच अडतो. म्हणून पालकांना गुण विचारू नका, पहिल्या खेपेला काय चुकलं ते कागदावर लिहायला सांगा. पंधरा-वीस जणांचे कागद जमले की तुमच्या गावाला काय शिकवायला हवं ते आयतंच समोर येईल.

स्मार्ट बोर्डवर खेळ लावायचा तर जरूर लावा. पण एकाने खेळायचं आणि बाकीच्यांनी बघायचं असं नको. पर्याय आला की थांबवा, हात वर करायला लावा, प्रत्येक पर्यायाला किती जण ते मोजा आणि मगच पुढे जा. सगळ्यांत जास्त हात चुकीच्या पर्यायाला उठले तर उत्तम, चर्चा तिथेच करा. 'श्वास पाहा, १० सेकंदांहून जास्त नको' हा पडदा आला की खेळ बाजूला ठेवून प्रत्येकाने शेजाऱ्याच्या छातीकडे खरोखर १० सेकंद बघावं. दहा सेकंद केवढे मोठे असतात ते तेव्हा कळतं. आचके म्हणजे श्वास नव्हे, हेही इथेच ठसवा. मासा पाण्याबाहेर काढल्यावर जसं तोंड उघडमिट करतो, तसं दिसतं ते. मूल हाकेला ओ देत नाही आणि असे आचके देतं, तर सीपीआर सुरू करायचं.

पडद्यावरचा क्रम एकदा सलग सांगून ठेवते, तुमचा खेळ त्याच्याशी ताडून बघा. जागा धोक्याची नाही ना, ते आधी: विजेची तार, पाणी, वाहनं. मुलाच्या खांद्यावर थोपटून मोठ्याने हाक मारायची, बाळाच्या तळपायाला टिचक्या मारायच्या. प्रतिसाद नाही, तर आरडाओरडा करून माणसं बोलवायची आणि मोबाइल स्पीकरवर टाकून १०८ लावायचा. हात मोकळे राहिले पाहिजेत. श्वास बघायचा. नाही, तर मुलाला टणक जागी उताणं ठेवायचं, पलंगावर नाही. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ३० दाब. मग हनुवटी उचलून डोकं किंचित मागे. बाळाचं डोकं मात्र फार मागे नको, नाक सरळ वर राहील इतपतच, कारण जास्त मागे केलं तर कोवळी श्वासनलिका दबते. मुलाचं नाक चिमटीत धरून तोंडाने, बाळाच्या नाक-तोंडावर मिळून आपलं तोंड ठेवून, प्रत्येकी एक सेकंदाचे २ श्वास. छाती उचललेली दिसली की पुरे, जोराने फुंकायचं नाही. उचलली नाही तर डोकं पुन्हा नीट करून दुसरा श्वास, पण त्यात १० सेकंदांहून जास्त वेळ न घालवता परत दाब. मूल हलेपर्यंत, नीट श्वास घेईपर्यंत किंवा मदत येईपर्यंत हेच चालू. एकटेच असाल आणि जवळ फोन नसेल, तर आधी २ मिनिटं सीपीआर, मग फोनसाठी धाव. बाळ असेल तर त्याला घेऊनच जाता येतं. मूल डोळ्यांदेखत अचानक कोसळलं असेल तर मात्र आधी फोन.

आता हात. डमी मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. सोफ्यातली टणक फोमची उशी दुमडून साधारण १५ सेंमी जाड करा, दोरीने बांधा, वर शाळेचा जुना टी-शर्ट चढवा आणि फरशीवर ठेवा. झालं मूल. बाळासाठी १२ सेंमी जाड. बाजूला पट्टी उभी धरून एकाने बघायचं: १५ची १०वर येते का, १२ची ८वर येते का. हे काही खऱ्या छातीसारखं लागत नाही, पण ५ सेंमी म्हणजे किती ते डोळ्याला आणि मनगटाला कळतं. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण दोन-अडीच सेंमीवरच थांबतात, मुलाला दुखेल या भीतीने. मुलांच्या फासळ्या लवचिक असतात, सीपीआरने त्या क्वचितच मोडतात. मोडलीच तरी मोडलेली फासळी जुळते.

ठेक्यासाठी मोबाइलवर मेट्रोनोम ॲप टाकून ११०वर लावा. ३० दाब १५ ते १८ सेकंदांत झाले पाहिजेत. मराठीत मोठ्याने मोजताना एक गंमत होते. दहापर्यंत ठीक चालतं, पण 'सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस' आले की जीभ अडखळते आणि हात तिच्याबरोबर मंदावतात. एक ते दहा तीनदा मोजा, ठेका टिकतो.

चुका ठरलेल्या असतात, त्यामुळे बघणाऱ्याला काम सोपं जातं. कोपर वाकतं आणि मग दंडाच्या जोरावर काम चालतं. मिनिटाभरात माणूस दमतो. खांदे थेट हातांच्या वर आणि कोपरं ताठ ठेवली की शरीराचं वजनच दाब देतं. लहान मुलाला एकच तळहात पुरतो. पाचवी-सहावीतल्या मुलाला किंवा खोली गाठत नसेल तर दोन्ही. दुसरी चूक म्हणजे दाबानंतर छातीवर रेलून राहणं. छाती पुरती वर आली नाही तर हृदयात रक्त भरत नाही आणि पुढचा दाब फुकट जातो. तिसरी, घाबरून वेग १४०वर नेणं. वेग वाढला की खोली आपोआप कमी होते. मोबाइल हातात धरून वर-खाली हलवायला लावणारे खेळ असतात, त्यांनी ठेका बसतो, पण कोपरं वाकवायची सवयही लागते. ती उशीवर मोडून काढा. आणि प्रत्येकाला सलग २ मिनिटं करू द्या. खेळ तीन-चार मिनिटांत संपतो आणि त्यात घाम येत नाही. साखळी शहराच्या पलीकडच्या वाड्यावर रुग्णवाहिका यायला लागणारा वेळ त्याहून मोठा असू शकतो. दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा हे घाम आल्यावरच पटतं.

एक गोष्ट पालकांना तीनदा बजावून सांगा: जिवंत मुलावर दाबाचा सराव कधीही करायचा नाही, गंमत म्हणूनही नाही. हनुवटी उचलणं आणि श्वास चालू असलेल्या बेशुद्ध मुलाला कुशीवर वळवून ठेवणं, एवढंच घरच्या मुलावर करून बघायला हरकत नाही. तोंडाने श्वास देण्याचा सराव उशीवर होत नाही. त्याला डमीच लागते.

आणि इथे तुमच्या परिचारिकाबाई लागतात. त्यांना विरोधक समजू नका, उशीशेजारी पट्टी घेऊन त्यांनाच बसवा. कोपर वाकलं, तळहात खाली बरगडीच्या टोकावर सरकला, हे अनुभवी नजरेला लांबून दिसतं, ॲपला दिसत नाही. पोरखेळाबद्दल त्यांना एक सांगता येईल. त्या ज्या डमीची वाट बघताहेत, ती जगभर गेलेली पहिली डमी १९६० साली नॉर्वेतल्या ओस्मुंड लेर्डाल या माणसाने बनवली, आणि त्याचा मूळ धंदा खेळण्यांचा आणि बाहुल्यांचा होता. डमीसह डॉक्टर हवेतच, त्यासाठी आताच पत्रं पाठवा: आरोग्य केंद्र, १०८ सेवा, अग्निशामक दल, बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची गोवा शाखा. तारीख मिळेल तेव्हा तुमचे पालक क्रम शिकून आणि उशीवर हात बसवून आलेले असतील. मग डॉक्टरांचा वेळ 'सीपीआर म्हणजे काय' इथे न जाता श्वास आणि खोली दुरुस्त करण्यात जाईल.

प्रमाणपत्राचा बेत मात्र सोडून द्या. डमीवर परीक्षा घेऊन मिळणारं सीपीआरचं कार्डसुद्धा दोनच वर्षं चालतं, कारण हात विसरतात. तीन ते सहा महिन्यांतच सराव ढिला पडायला लागतो. शाळेचा शिक्का असलेला कागद भिंतीवर लागला की लोकांना वाटतं, काम झालं. त्याऐवजी संघाच्या प्रत्येक सभेत चहाआधी दहा मिनिटं ठेवा: एक प्रसंग स्मार्ट बोर्डवर, प्रत्येकाची २ मिनिटं उशीवर. वर्षातून एकदा दिवसभराच्या शिबिरापेक्षा हे जास्त टिकतं.

भाचा हौशी दिसतो, त्याच्याकडून गावचा खेळ करून घ्या. फार काही लागत नाही. गुगल फॉर्ममध्ये उत्तरानुसार पुढच्या विभागात नेण्याची सोय असते, तेवढ्यात काम होतं. प्रसंग तुमचेच असू द्या. समजा, मधली सुट्टी आहे, माध्यान्ह आहाराची भाजी-पाव. दुसरीतला मुलगा एकदम गप्प होतो, हात गळ्याशी, खोकला नाही, आवाज नाही, ओठ निळसर. पर्याय: पाणी पाजा, तोंडात बोट घालून घास काढा, पाठीवर थापा मारा, दवाखान्यात न्या. बोट घातलं तर घास आणखी आत सरकतो; डोळ्याला दिसत असेल तरच काढायचा. पाणी पाजलं तर ते अडकलेल्या घासावर साचतं. बरोबर उत्तर: पुढे वाकवून खांद्यांच्या पात्यांमध्ये ५ थापा. घास निघाला नाही तर मागून वेढा घालून बेंबीच्या वर ५ वेळा पोट आत आणि वर दाबायचं, पुन्हा थापा, असं आलटून पालटून. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही, यकृताला इजा होते. त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून ५ थापा, मग उताणं करून छातीवर तळव्याने ५ दाब. मूल बेशुद्ध पडलं तर खाली ठेवून सीपीआर सुरू, दर वेळी श्वास देण्याआधी तोंडात डोकवायचं. आणि मूल जोरात खोकत असेल तर? त्याला खोकू द्यायचं, थापा मारायच्या नाहीत. हा पर्याय खेळात जरूर घाला, सगळ्यांत जास्त लोक इथे चुकतात. मासळीचा काटा घशात रुतला तर ते निराळं प्रकरण. मूल बोलतंय, रडतंय म्हणजे श्वास चालू आहे. भाताचे गोळे गिळायला लावू नका, डॉक्टरकडे न्या.

दुसरा प्रसंग वाळवंटी नदीच्या कोंडीचा किंवा खाणीच्या खंदकाचा करा. त्यात पहिलाच सापळा ठेवा: 'पाण्यात उडी मारा.' पोहता न येणाऱ्याने उडी मारली तर बुडणारे दोन होतात. दोरी, बांबू, रिकामा कॅन फेकणं हे बरोबर उत्तर. तिसरा घरचा: न्हाणीघरातली बादली. रांगतं बाळ तोल जाऊन थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं. चुकीचे पर्याय पुस्तकी नकोत, गावात लोक खरोखर जे करतात तेच घाला: उलटं टांगणं, पोट दाबणं, कांदा. चुकल्यावर 'मूल दगावलं' असं दाखवू नका, घाबरलेला माणूस पुन्हा खेळत नाही. 'वीस सेकंद गेले, परत बघा' एवढं पुरे. फॉर्मला घड्याळ नसतं, तेव्हा कुणीतरी मोबाइलवर सेकंद लावून बसावं. आणि डॉक्टरांनी एकेक ओळ तपासल्याशिवाय तो फॉर्म व्हॉट्सॲपवर सोडू नका. एकदा फिरायला लागला की दुरुस्त करता येत नाही.

खेळात सहसा नसणारा एक पडदा तुम्ही घाला: पत्ता सांगणं. १०८वर 'आमच्या वाड्यावर' एवढंच सांगून चालत नाही. गाव, वाडा, जवळची ठळक खूण, म्हणजे देवळाची कमान, पंचायतघर, बसस्टॉप, कुठला रस्ता कुठे वळतो, आणि परत फोन लागेल असा नंबर. हे वाक्य प्रत्येकाने आपापल्या घरासाठी लिहून फ्रिजवर किंवा दाराआड चिकटवावं. रुग्णवाहिका आणायला एक माणूस हमरस्त्यावर पाठवायचा, हेही त्यातच. ही कामं पहिली ते चौथीतली मुलंही करू शकतात. छाती दाबायला त्यांचं वजन पुरत नाही. 'किड्स सेव्ह लाइव्ह्ज' या उपक्रमाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली पाठिंबा दिला, त्यातही वर्षाला दोन तासांचं शिक्षण बाराव्या वर्षापासूनच सुचवलं आहे. पण ओरडून माणसं जमवणं, १०८ लावणं आणि पत्ता घडाघडा सांगणं सातव्या वर्षी छान जमतं.

आणि बैठकीला बोलवायचं कुणाला? तुमच्या पत्रात फक्त पालक आहेत. आईबाप कामावर असतात तेव्हा मूल आजीपाशी असतं, शाळेत येता-जाता बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, असतं, दुपारी आहार वाढणाऱ्या बायकांसमोर असतं. बालरथाचा चालक आणि मदतनीस, आहार बनवणारा गट आणि आज्या, यांना पहिल्या बैठकीला बोलवा. आजीला मोबाइलवरचा खेळ जमणार नाही, तर नातवाने पर्याय वाचावेत आणि तिने निवडावेत. गुडघे दुखत असतील तर उशी टेबलावर ठेवा. बाळाला टणक टेबलावर किंवा ओट्यावर ठेवून उभ्यानेही दाब देता येतो. खुर्च्या भिंतीला लावा, चार उश्या मध्ये ठेवा, एका उशीला तीन-चार माणसं, दीड तास. यापेक्षा जास्त माणसं आली तर दोन बैठका करा. बघत उभं राहिलेल्याचे हात शिकत नाहीत.